प्रतिसाद नाही

१४ जून, मंगळवार
सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे

ताई,

हे लिहायला बसण्याआधी मी एका न्हाणीघराच्या खिडकीची काच कापत होतो. काच कापायच्या हत्याराला आपण हिरा म्हणतो, एवढं तरी तुझ्या लक्षात असेल. तीनदा हिरा फिरवला आणि तिन्ही वेळा रेघ वाकडी गेली. वाकड्या रेघेवर काच मोडली की ती आपल्याला हवी तिथे मोडत नाही, तिला वाटेल तिथे मोडते. म्हणून काच भिंतीला टेकवून ठेवली आणि कागद ओढला.

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरलो असं समजू नकोस.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मला वाक्य संपवू देत नाहीस. मी 'अण्णांना' एवढं म्हणतो आणि तू 'बरं वाटतंय ना, छान' म्हणून मोकळी होतेस. लहानपणापासून माझी वाक्यं तूच पुरी करत आलीस. आज ती मला माझ्या हाताने पुरी करायची आहेत.

आज सकाळी अण्णांना सरकारी रुग्णालयात नेलं होतं. वाचा-उपचाराची जागा तिथे वर्षभर रिकामी होती, हे तुला माहीत आहे. आता एक बाई रुजू झाल्या आहेत. खोली लहान, एक टेबल, दोन खुर्च्या आणि खेळण्यांनी भरलेलं कपाट. बाईंनी अण्णांशी दहा मिनिटं गप्पा मारल्या. अण्णांनी 'चष्मा', 'दुकान', 'पोरगा' अशी उत्तरं दिली. नामं त्यांना येतात. मग बाई माझ्याकडे वळल्या.

"घरी काय सराव करून घेता?"

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. पिशवीतून तुझी कार्डं काढली. अठ्ठेचाळीस चित्रं, कोपरे न दुमडलेली, क्रमाने लावलेली. एक माणूस झोपला आहे. एक बाई भाजी चिरते आहे. एक मुलगा फुगा फोडतो आहे. एक बाई मुलाला डबा देते आहे. मी सांगितलं की रोज दुकान उघडण्याआधी कार्ड समोर धरतो, 'इथे काय चाललंय?' एवढंच विचारतो आणि रेकॉर्डर चालू ठेवतो.

"अडले की शब्द कधी देता?"

"देत नाही."

"निदान पहिलं अक्षर?"

"तेही नाही. ओठ हलवायचे नाहीत, मान हलवायची नाही, हुंकार द्यायचा नाही. पंधरा सेकंद थांबायचं आणि पुढचं कार्ड. माझी बहीण याच विषयातली आहे, विद्यापीठात असते. तिनेच सगळं आखून दिलंय."

बाईंनी कार्डांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला. "कधीपासून चाललंय हे?"

"ऑगस्टपासून."

"दादा, याला उपचार नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "ही तपासणी आहे. ताप मोजून ताप उतरत नाही."

मी म्हणालो, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी तुझी बाजू घेतली, ताई. अण्णांच्या देखत, चांगली पाच मिनिटं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मेंदूचा झटका आल्यानंतरचं पहिलं वर्ष सगळ्यात मोलाचं असतं, पण आता काहीच होणार नाही असं नाही. हे 'असं नाही' त्या फार जपून म्हणाल्या. काचेचं मोठं तावदान उचलताना आपण श्वास धरतो, तसं.

अण्णा शेजारीच बसले होते. त्यांना सगळं ऐकू येतं आणि सगळं कळतं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चहा." आम्ही चहा घेतला. माझा गार झाला.

दहा महिने मी हाताची घडी, तोंडावर बोट करून बसलो. अण्णा कार्डाकडे बघत नसत, ते माझ्या तोंडाकडे बघत. लहान मूल घास कधी येतो म्हणून बघतं तसे. 'चिरते आहे' हा शब्द माझ्या जिभेवर असायचा. मी खालचा ओठ दातांत धरून ठेवायचो, चुकून हलू नये म्हणून. तुला पाठवायच्या फिती स्वच्छ याव्यात म्हणून. आत्या दोनदा दार ढकलून आत आली. "अरे अण्णा, चिरतेय म्हण की, चिरतेय," ती म्हणाली आणि अण्णा लगेच म्हणाले, "चिरतेय." हसले सुद्धा. मी त्या दिवसाच्या फितीवर 'बाद' असं लिहिलं आणि आत्याला दुकानात बसवलं. ती जाताना म्हणाली, "मुक्याची मुलाखत घेताय आणि वर मलाच बाहेर काढताय. शहाणी आहात दोघं भावंडं."

तू ऑगस्टमध्ये चार दिवस आली होतीस तेव्हा मी तुला सरळ विचारलं होतं: याने अण्णांचं बोलणं सुधारेल ना? तू रेकॉर्डरची तार गुंडाळत होतीस. म्हणालीस, "रोज न चुकता कर म्हणजे झालं." मी रोज न चुकता केलं.

आता एकच विचारतो. तुला माहीत होतं का? हो किंवा नाही.

उत्तर लेखी पाठव. फोन केलास तर तो आत्या उचलेल.


२ जुलै, शनिवार
दुपारी दोन, दुकानात

ताई,

तुझं उत्तर मिळालं. साडेतीन पानं, त्यात 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. 'मी उपचार हा शब्द कधीच वापरला नव्हता, तू तसं मनाशी धरलंस' असं आहे. चोर तर चोर, वर शिरजोर.

ठीक आहे. मीच धरलं. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, तू वसतिगृहात गेलीस तेव्हा दुकानात हात कमी पडला म्हणून. मला तपासणी आणि उपचार यांतला फरक कळला नाही. तुला कळत होता. ज्याला कळतं त्याने सांगायचं असतं.

तुझा लेखही मिळाला. तू पाठवला नाहीस, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मसुदा बाईंनी शोधून छापून दिला. शब्दकोश घेऊन दोन आठवडे वाचला. जिथे अडलो तिथे बाईंना जेवणाच्या सुट्टीत विचारलं. त्या पोळीचा तुकडा हातात धरून समजावतात आणि तुकडा तसाच राहतो.

तू लिहिलं आहेस की वाक्याचा घाट क्रियापदाच्या अर्थातून ठरतो. क्रियापद आधी खुर्च्या मांडतं, मग माणसं येऊन बसतात. झोपायला एकच खुर्ची पुरते. कापायला दोन लागतात, कापणारा आणि जे कापायचं ते. द्यायला तीन: देणारा, घेणारा आणि वस्तू. झटक्यानंतर जितक्या खुर्च्या जास्त तितकं ते क्रियापद जिभेवर यायला जड. अण्णांना 'झोपला' येतं, 'कापतो' अडखळतं, 'देते' येतच नाही. हे सगळं मला समजलं आणि पटलंही. राग आला तरी पटलं, तसं लिहिलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट पटली. गिऱ्हाईक दुकानात येतं आणि म्हणतं, "आरसा फुटला." कोणी फोडला ते वाक्यात येत नाही आणि वाक्यही कुठे अडत नाही. फुटण्याला एकटी काच पुरते. पण 'काच आपोआप कापली' असं आजवर एकही गिऱ्हाईक म्हणालेलं नाही. कापणं म्हटलं की कापणारा आलाच, नाव घ्या किंवा घेऊ नका. हे तुझ्या लेखात चौथ्या पानावर आहे. काचेचंच उदाहरण आहे. दुकानातून इतकं तरी घेऊन गेलीस.

मग नववं पान, जिथे अण्णांचं नाव अ-३ आहे. 'रुग्ण अ-३ ची क्रियापदे दहा महिन्यांत सुधारली नाहीत.'

सुधारली नाहीत. आरसा फुटला तशी. या वाक्यात एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर क्रियापदं बसली आहेत. ज्याने शब्द दिला नाही त्याला खुर्ची नाही, ज्याने देऊ नको म्हणून सांगितलं तिलाही नाही. ताई, तुझ्याइतकं हे कोणाला कळत नाही. म्हणून ही मी नजरचूक धरत नाही.

आणि अकरावं पान. तिथे तक्ता आहे, त्यात तीन रकाने: बरोबर, चूक, प्रतिसाद नाही. मी पाठवलेल्या कागदांच्या माझ्याकडे नकला आहेत. रोजच्या फितीत अण्णा जे बोलले ते मी शब्दाला शब्द उतरवत होतो, ऱ्हस्व-दीर्घासकट. 'प्रतिसाद नाही' या रकान्यातले आकडे मी माझ्या कागदांशी ताडून पाहिले. बहुतेक ठिकाणी खरंच प्रतिसाद नाही. एकोणीस ठिकाणी आहे. एकोणीस वेळा अण्णांनी 'नको' म्हटलं आहे. मी तसं लिहिलंही आहे, ठळक अक्षरात. तू त्यांची भर रिकाम्यात घातलीस.

बाई म्हणाल्या, नको हेसुद्धा क्रियापदाचंच काम करतं. त्यालाही दोन खुर्च्या लागतात, कोणाला नको आणि काय नको. ज्या माणसाला दोन खुर्च्यांचं वाक्य झेपत नाही म्हणून तू दहा महिने मोजत होतीस, तो एकोणीस वेळा तेच बोलला. तुझ्या कार्डावर त्याचं चित्र नव्हतं, म्हणून ते बोलणंच नाही.

मलाही ते ऐकू आलं होतं. मी पुढचं कार्ड काढलं. आता यावर तू साडेतीन पानं लिहिशील, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

कार्डं बंद केली आहेत. रेकॉर्डर कपाटात आहे.


१७ जुलै, रविवार
सकाळी साडेदहा

ताई,

पाकीट आलं. यावेळी तू पहिल्याच ओळीत 'मला माहीत होतं' असं लिहिलंस. उशिरा का होईना, एक ओळ सरळ आली.

पण त्याच पाकिटात दुसरा कागद आहे. २६ ऑगस्टला तुझ्या विद्यापीठात मोठी परिषद आहे, तिथे तू अण्णांच्या फिती सभागृहात वाजवणार, आणि आवाज जाहीरपणे वाजवायचा तर खुद्द अण्णांची सही हवी. त्यावर तुझी कायमची नेमणूक ठरणार आहे, 'म्हणून एवढं कर, तुझ्याशिवाय कोणाला सांगू'. जखमेवर मीठ चोळून वर म्हणतेस, चव बघ.

तू वर 'संमतीपत्र' लिहिलं आहेस. त्यातली ति ऱ्हस्व असते. मी सहावीत होतो तेव्हा याच शब्दासाठी तू मला दहा वेळा ओळ लिहायला लावली होतीस. ते मी दुरुस्त केलं आहे. बाकी कागद दुरुस्त होण्यासारखा नाही.

चौथं कलम वाचून मी दुकानाच्या मागे जाऊन उभा राहिलो. 'सहभागाबद्दल दरमहा अडीच हजार मानधन देण्यात आले आहे.'

म्हणजे ते पैसे. दर महिन्याच्या पाच तारखेला यायचे ते. तू म्हणाली होतीस, अण्णांच्या औषधाला. आत्या शेजारच्या शिंप्याला ऐकवायची, "लेक लांब असली तरी तिचा हात जवळ आहे." शिंपी म्हणायचा, "आमची पोरं जवळ आहेत आणि हात मात्र लांब." दोघं हसायची. आत्याला मी हे कलम वाचून दाखवलं. तिने ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे अण्णा नोकरीला होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता."

त्यावर अण्णा हसले. खरंच हसले. मला नाही हसू आलं.

आता बाई काय करतात ते ऐक. त्या अण्णांकडून शब्द काढत नाहीत, त्या शब्द आधी देतात. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहितात: कापणे. मग विचारतात, "कोण कापतं?" अण्णा स्वतःच्या छातीवर बोट ठेवतात. "शब्दात सांगा, काका." "मी." "काय कापता?" "काच." "कशाने?" "हिरा." मग बाई तिघांना एका ओळीत बसवतात आणि अण्णा त्यांच्या मागून म्हणतात. "आणखी कोण कापतं?" "शिंपी." "काय?" "कापड." "आणखी?" अण्णांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हा. वाकडी."

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं.

परवा, या उपचाराच्या चौथ्या आठवड्यात, दुकानात एक गिऱ्हाईक आलं. फोटोच्या चौकटीला काच हवी होती. मी आत माप शोधत होतो. बाहेरून अण्णांचा आवाज आला, थांबत थांबत, पण सलग. "मी. काच. कापतो. बसा." गिऱ्हाईक बसलं. त्याला काय माहीत. मी आतच उभा राहिलो, माप शोधायचं सोडून.

या पद्धतीला तुझ्याच लेखातल्या खुर्च्या लागतात. बाई म्हणाल्या, क्रियापद दिलं आणि त्याच्या खुर्च्या एकेक करून भरल्या की शब्दांची वाट पुन्हा रुळते, यावर बरंच काम झालेलं आहे. मी म्हटलं, माझ्या बहिणीला हे ठाऊक असेल का? त्यांनी लेखाचं शेवटचं पान उलटून माझ्यापुढे ठेवलं. तिथे तूच लिहिलं आहेस: क्रियापदाच्या सहभागी घटकांवर आधारित उपचार अशा रुग्णांना उपयोगी ठरू शकतो, पुढील संशोधनात त्याचा विचार व्हावा.

पुढील संशोधनात.

किल्ली तुझ्या हातात होती, ताई. दार किती घट्ट लागलंय ते तू मोजत बसलीस.

मी हा कागद फाडणारच होतो. बाईंना तसं सांगितलं, म्हटलं, सही मिळणार नाही, विषय संपला. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "सही कोणाची मागितली आहे?"

"अण्णांची."

"मग नाही कोण म्हणतंय?"

मी म्हटलं, त्यांच्या वतीने मी. त्या म्हणाल्या, "दादा, त्यांच्या वतीने बोलणारे खूप झाले."

मला त्यांचाही राग आला. दोन दिवस गेलो नाही, आत्याला पाठवलं. आत्या येऊन म्हणाली, "बोलाबाई विचारत होत्या, तुमचा रुसूबाई कुठाय म्हणून." हे आत्याच्या मनचं असावं.

कागद फाडलेला नाही. अण्णांना विचारेन. काय उत्तर येईल ते मला माहीत आहे आणि तुलाही असेलच. एकोणीस वेळा दिलेलं आहे.


९ ऑगस्ट, मंगळवार
दुपारी चार, दुकान अर्धं बंद ठेवून

ताई,

आज विचारलं. जसं झालं तसं लिहितो, माझ्या बाजूला न झुकवता. झुकलं तर आत्या सांगेल, ती समोर बसली आहे.

कापायच्या टेबलावर गोधडी पसरलेली असते, तिच्यावर रेकॉर्डर ठेवला. अण्णा उंच स्टुलावर, आत्या दाराशी. मी अण्णांना आधी सगळं सांगितलं. लेख, परिषद, सभागृह, तुझी नेमणूक, मानधन. छोट्या छोट्या वाक्यांत, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून. बाईंनी तसं शिकवलं आहे. मग म्हटलं, "आधी ऐका. काय वाजवणार ते ऐका आणि मग ठरवा."

फितींच्याही माझ्याकडे नकला आहेत; पहिली मार्चमधली. माझा आवाज: "इथे काय चाललंय?" मग पंधरा सेकंद. तू त्या पंधरा सेकंदांत काय ऐकतेस मला माहीत नाही. दुकानात ते फार मोठे वाटले. अण्णांचा श्वास, एकदा 'ड', एकदा 'डबा', मग 'बाई', मग काहीच नाही. मग "नको". मग माझी खुर्ची कुरकुरली आणि कार्ड उलटल्याचा आवाज.

दुसऱ्या फितीत तेच. तिसरीत अण्णांनी दोनदा नको म्हटलं, आणि दोन्ही वेळा कार्ड उलटलं. आवाजावरून कळतं, मी ते किती नीट उलटत होतो.

अण्णांनी हात पुढे करून रेकॉर्डर बंद केला. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही, घालावीशी वाटली तरी. आत्या म्हणाली, "पुरे रे आता." ते कोणाला, ते कळलं नाही.

मी संमतिपत्र पुढे ठेवलं, शेजारी पेन. "सही करायची? की नको?" दोन्ही शब्द दिले. बोटांनी दाखवलेही. अण्णांनी पेन ढकललं. ते घरंगळत काचेच्या चुऱ्यात गेलं.

मला आनंद झाला. तो लपवत नाही. तीन आठवडे मी याचीच वाट बघत होतो. पेन उचललं, पुसलं आणि कागदाच्या तळाशी माझ्या अक्षरात लिहायला लागलो: 'अण्णांचा नकार'. एवढं लिहिलं होतं, तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताने, पण तुला त्यांची पकड माहीत आहे. माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्या दोन शब्दांवर काट मारली. एक नाही, दोन आडव्या रेघा.

"मग सही करताय?" मी म्हटलं. आवाज चढला होता.

त्यांनी मान हलवली. नाही.

"अण्णा, सही नाही आणि नकारही नाही, मग तिला कळवू काय मी?"

त्यांनी टेबलावर तळहात टेकवला. तोंड उघडलं, मिटलं. "ताई," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मी सेकंद मोजले नाहीत, पण पंधराहून खूप जास्त होते. माझ्या डोक्यात दहा शब्द आले. रागावली, चुकली, विसरली. कोणता द्यावा कळेना. आत्याने तोंड उघडलं तशी अण्णांनी तिच्याकडे न बघता हात वर केला, थांब म्हणून. आणि म्हणाले,

"ताई. मला. विचार."

आत्या म्हणाली, "काय म्हणाला?"

ते पुन्हा म्हणाले. यावेळी थोडं सलग. "ताई, मला विचार." आणि टेबलावर बोट आपटलं. इथे.

मी त्यांच्याशी वाद घातला. आजारी माणसाशी वाद घालू नये हे मला कळतं. मी म्हटलं, अण्णा, ती येणार नाही. तिने दहा महिन्यांत एकदाही तुमच्याशी फोनवर बोलायला मागितलं नाही, फिती मागितल्या. तिला तुम्ही नको आहात, तिला तुमचं अडखळणं हवंय. आत्या म्हणाली, "हळू बोल, गिऱ्हाईक उभं आहे." खरंच एक माणूस अर्ध्या शटरखालून वाकून बघत होता. त्याला खिडकीची पुट्टी हवी होती. मी त्याला पुट्टी दिली आणि परत येऊन पुन्हा तिथूनच सुरुवात केली. अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं. एकदाही मला अडवलं नाही. मी दमलो तेव्हा ते तिसऱ्यांदा तेच म्हणाले, त्याच तीन शब्दांत, आणि यावेळी त्यांना अजिबात थांबावं लागलं नाही.

मग स्टुलावरून उतरले, गल्ला उघडला, नोटा मोजायला आत्याकडे धरल्या आणि म्हणाले, "गाडी." आत्याने शिंप्याच्या पोराकडून भाडं विचारून घेतलं आणि तेवढ्या नोटा संमतिपत्रात घडी करून ठेवल्या.

तर असं आहे. सही नाही. नकारही नाही. कागद कोरा परत पाठवत आहे, मी लिहिलेले दोन शब्द आणि त्यावरची काट सोडून. ती काट अण्णांची आहे, पुसू नकोस. २६ तारखेच्या आधी यायचं आणि अण्णांपुढे बसून त्यांना विचारायचं. ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. मला वाटायचं माहीत आहे, पण नाही. तू विचारशील तेव्हा मी खोलीत असेन की नाही तेही तेच ठरवतील. उत्तर यायला वेळ लागेल. पंधरा सेकंदांत तू उठलीस तर सही मिळणार नाही, एवढं मी सांगून ठेवतो. आणि त्यांचं वाक्य तू पुरं करायचं नाहीस.

मला स्वतःला तू यायला नको आहेस. हे स्पष्ट लिहितो, म्हणजे दारात माझा चेहरा बघून तुला कोड्यात पडावं लागणार नाही. पण माझ्याकडे कोणी सही मागितलेली नाही.

हिशेब खाली दिला आहे. आकडे दोनदा तपासले आहेत.

मानधन म्हणून आलेले, ऑगस्ट ते मे: २५,०००
त्यातून झालेला खर्च:
औषधे: १७,४००
रुग्णालयात जाण्या-येण्याचे भाडे: २,१५०
रेकॉर्डरच्या बॅटऱ्या व टपाल: ६४०
हाती शिल्लक, सोबत पाकिटात पाठवत आहे: ४,८१०
फेडायचे राहिलेले: २०,१९०
बॅटऱ्या व टपाल तुझ्या कामाचे, म्हणून वजा: ६४०
माझ्याकडून तुला देणे: १९,५५०. दरमहा पाच तारखेला एक हजार पाठवीन. मानधन आम्हाला ठेवायचे नाही.

गाडीभाडे, येण्याचे: १,२८०. हे वरच्या हिशेबात धरू नये. ते अण्णांनी दिले आहे.